पहाटे मुकं, दुपारी बोलकं : एका गाडीच्या मीटरचं प्रकरण

गाडी २०१४ सालची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. मालकीणबाई तासगावच्या, मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात सिस्टर. सकाळची ड्युटी असली की सहाच्या सुमाराला घरून निघतात, पाऊण तासात मिरज. तक्रार अशी, की थंडी सुरू झाल्यापासून पहाटे गाडी चालू केली की मीटर मेलेलं असतं. वेगाचा काटा शून्यावर, मधला डिस्प्ले कोरा, ऑइलचा आणि इंजिन तापल्याचा दिवाही नाही. गाडी मात्र व्यवस्थित पळते. अर्ध्या वाटेत कधीतरी मीटर आपोआप जिवंत होतं आणि मग रात्रीपर्यंत एकदाही दगा देत नाही.

त्या माझ्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या दुकानात आल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अर्थातच मीटर ठणठणीत. किल्ली फिरवली, काटे एकदा पूर्ण फिरून शून्यावर आले, डिस्प्लेवर ६८,४१२ किलोमीटर उमटले. सिस्टरांचा चेहरा उतरला. "बघा दादा, दुसऱ्यासमोर हे असंच वागतं. घरात सगळ्यांना वाटतं मला भास होतोय."

माझ्याआधी तीन ठिकाणी गाडी जाऊन आली होती. पहिल्यानं बॅटरी बदलली. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावला, यू०१५५ हा कोड निघाला, म्हणजे मीटरशी बाकीच्या कंट्रोलरांचा संपर्क तुटला होता. कोड पुसला आणि 'आता येणार नाही' म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं मीटर उघडलं, मोठ्या आयसीवर हॉट एअर मारली, आणि वर एक निष्कर्षही दिला: बोर्डावर हिरवं चढलंय, ही पुरातली गाडी आहे, तुम्हाला फसवून विकली. नवं मीटर टाका, अठरा हजार.

सांगलीत 'पुरातली गाडी' हा शब्द साधा नाही. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी ज्यांच्या दारात आलं त्यांच्या किती गाड्या पाण्यात राहिल्या ते इथल्या प्रत्येक गॅरेजवाल्यानं पाहिलंय. जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न तोच असतो. सिस्टरांनी ही गाडी २०२० मध्ये सांगलीतल्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून घेतली होती. त्यामुळे त्या निष्कर्षानंतर दोन घरांमध्ये बोलणंच बंद झालं. बोर्ड बिघडला तर दुरुस्त होतो, ते नातं मी कुठल्या सोल्डरनं जोडणार होतो? म्हणून गाडी पुरातली आहे की नाही हे मला आधी ठरवायचं होतं.

मीटर लगेच काढलं नाही. सीटखालची पट्टी उचलून गालिच्याखाली पाहिलं, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, डॅशबोर्डच्या आतल्या लोखंडी पट्टीचे स्क्रू टॉर्च लावून पाहिले. पुराचं पाणी गेलं तरी गाळ जात नाही. बेल्टच्या गुंडाळीत, कनेक्टरच्या पिनांत, स्क्रूच्या खाचेत तो मैद्यासारखा बारीक गाळ राहतोच. इथे एक कणही नव्हता. मग मीटरवरचं हिरवं आलं कुठून, हा प्रश्न मी मनात ठेवला आणि सिस्टरांना विचारलं, की नक्की किती वेळ बंद राहतं?

त्यांनी पर्समधून छोटी डायरी काढली. वॉर्डात दर चार तासांनी ताप लिहायची सवय असलेलं माणूस. तारीख, किल्ली फिरवल्याची वेळ, मीटर चालू झाल्याची वेळ, अशा एकोणीस दिवसांच्या नोंदी, एकाही ओळीत खाडाखोड नाही. एका दिवशी सव्वीस मिनिटं, एका दिवशी चौदा, एका दिवशी फक्त चार. दोन दिवशी 'लगेच चालू' असं लिहून पुढे 'ढग होते' अशी नोंद. ती 'ढग होते' वाचली आणि मी खुर्ची ओढून बसलो.

"तुमच्याकडे द्राक्षबाग आहे का?"

"सासऱ्यांची आहे की. दोन एकर."

तासगावकडे बाग म्हटली की थर्मामीटर आलाच. मणी भरायच्या दिवसांत पहाटेची थंडी किती उतरली यावर बागायतदाराची झोप अवलंबून असते. सिस्टरांनी घरी फोन लावला. सासऱ्यांनी त्यांच्या वहीतून त्याच तारखांचे किमान तापमानाचे आकडे वाचून दाखवले, आणि मी डायरीच्या समासात पेन्सिलनं ते एकेक लिहीत गेलो. ११ अंश, त्या दिवशी २६ मिनिटं. १४ ला १४ मिनिटं. १७ ला चार. ढगाळ हवेच्या दोन दिवशी पारा १९ च्या खाली गेलाच नव्हता, त्या दिवशी मीटर पहिल्या किल्लीला चालू. सासऱ्यांनी फोनवर मला विचारलं, "भाऊ, मीटरला बी थंडी लागते व्हय?" लागते. नेमकी कुणाला लागते ते शोधायचं बाकी होतं.

मीटर न उघडता हाती आलेला हा पुरावा मला स्कॅनरच्या कोडपेक्षा मोलाचा वाटतो. सैल पिन असती तर खड्ड्यात त्रास दिला असता. तडकलेलं सोल्डर थंडीत दगा देऊ शकतं, पण ते असं मोजून, अंशागणिक मिनिटं वाढवत देत नाही. थंडीच्या प्रमाणात हळूहळू सुधारणाऱ्या बिघाडात माझा पहिला संशय इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या छोट्या डबीवर जातो. त्याच्या पोटात द्रव असतो. तो सुकत आला की उरलेला थंडीत आणखी निकामी होतो आणि ऊब मिळाली की थोडाफार काम करतो.

पण संशय म्हणजे निदान नव्हे. गाडी रात्रभर माझ्याकडे उघड्यावर ठेवून घेतली. पहाटे साडेपाचला मल्टीमीटर घेऊन बसलो. किल्ली फिरवली, आणि पहिल्यांदाच ते मेलेलं मीटर माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आतून बारीक टिक-टिक ऐकू येत होती, साधारण सेकंदाला दोन-तीन. काटे जागच्या जागी थरथरत होते. मीटर मेलेलं नव्हतं. ते उठत होतं, पडत होतं, परत उठत होतं.

मीटरच्या मागच्या कनेक्टरवर सप्लाय मोजला: १२.४ व्होल्ट. स्टार्टर मारताना १०.१ पर्यंत पडला, इंजिन चालू झाल्यावर १४.१. अर्थच्या वायरीवर जेमतेम २० मिलिव्होल्टचा फरक. नंतर बॅटरी सोडवून कॅनच्या, म्हणजे गाडीतले कंट्रोलर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींमधला रोध पाहिला, ६० ओम, म्हणजे दोन्ही टोकांचे १२० ओमचे रोध जागेवर. गाडीकडून मीटरला जे मिळायला हवं ते सगळं पोचत होतं. बिघाड मीटरच्या आत आहे हे इथे पक्कं झालं, आणि मगच स्क्रू काढले.

टेबलावर बोर्ड घेतल्यावर पहिलं काम मेमरीचं. गाडीचे किलोमीटर आठ पायांच्या एका छोट्या चिपमध्ये साठवलेले असतात. बोर्ड वारंवार पडत-उठत असताना नेमक्या लिहिण्याच्या क्षणी सप्लाय गेला तर त्या नोंदी बिघडू शकतात. म्हणून चिपमधली माहिती तीनदा वाचून घेतली, तिन्ही प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या, जपून ठेवल्या, आणि त्यानंतरच सोल्डरिंगची इस्त्री तापवली. हे तंत्र माहीत आहे म्हणून किलोमीटर कमी करून मागणारेही येतात. त्यांना मी हात जोडतो. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा आकडा मी बिलावर लिहून देतो, गिऱ्हाइकासमोर.

काटे मात्र काढावे लागले नाहीत, कारण सप्लायचा भाग बोर्डाच्या मागच्या बाजूला होता. काटा ओढून काढला आणि परत बसवताना दोन दाते इकडेतिकडे झाले तर गाडी ६० ला ६६ दाखवू लागते. शक्य तिथवर मी काट्याला हात लावत नाही.

बोर्ड दुपारी टेबलावर, १३.५ व्होल्टवर चालवला. अर्थातच उत्तम चालला. पहाट दुकानात आणायची होती. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत बोर्ड आणि सिलिका जेलच्या चार पुड्या घातल्या आणि घरातल्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात तासभर ठेवला. पिशवी आणि पुड्या विसरल्या तर बाहेर काढताच बोर्डावर दंव धरतं आणि एकाच्या जागी पाच फॉल्ट होतात. बाहेर काढून जोडला. टिक-टिक. डिस्प्ले कोरा.

आता ऊब देऊन पत्ता विचारायचा. हेअर ड्रायरला कागदाची नळी लावून बोटाएवढ्या जागेवर गरम हवा सोडत गेलो. आधी मोठ्या आयसीवर, जिथे आधीच्या माणसानं हॉट एअर मारली होती आणि फ्लक्सचे तपकिरी डाग अजून तसेच होते. काही फरक नाही. मेमरीवर, नाही. क्रिस्टलवर, नाही. रेग्युलेटरच्या शेजारी उभ्या असलेल्या ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर हवा नेली आणि दहाएक सेकंदांत काटे सरसरून फिरले. बोर्ड परत थंड केला, परत तिथेच हवा दिली. सलग तीन वेळा तेच. तिसऱ्या वेळी फक्त इस्त्रीचं टोक त्या कपॅसिटरच्या डोक्याजवळ धरलं, कशालाही न टेकवता. तेवढ्यावर मीटर उठलं.

रेग्युलेटर गाडीच्या १२-१४ व्होल्टचे पाच व्होल्ट करतो आणि त्या पाचावर मीटरचा मेंदू चालतो. त्याच्या बाहेरच्या बाजूचा कपॅसिटर म्हणजे छोटा हौद. मागणी अचानक वाढली की आधी हौदातून पाणी जातं, मग मागून भरतं. हौद भरलेला असला तरी तोटी गाळानं बुजली असेल तर उपयोग शून्य. त्या तोटीच्या अडथळ्याला ईएसआर म्हणतात. या प्रकारचे रेग्युलेटर तर या तोटीच्या भरवशावरच स्थिर राहतात. अडथळा फार वाढला की रेग्युलेटर स्वतःच डोलू लागतो. स्कोप, म्हणजे व्होल्टचा चढउतार रेघेनं दाखवणारं यंत्र, लावला तेव्हा थंड बोर्डावर पाच व्होल्टची रेघ सरळ नव्हतीच, करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होत होती, वरून खालपर्यंत सव्वा व्होल्ट. प्रत्येक खोल दात्याला मेंदू 'सप्लाय गेला' समजून स्वतःला रीसेट करत होता. ती टिक-टिक त्या रीसेटची होती.

कपॅसिटर काढून मोजला आणि इथे नवशिक्या मुलांनी नीट लक्ष द्यावं. साध्या मल्टीमीटरवर तो ४१ मायक्रोफॅरड दाखवत होता. ४७ च्या जागी ४१ म्हणजे वीस टक्क्यांच्या आत, कुणीही 'चांगला' म्हणून परत लावला असता. ईएसआर मीटरवर मात्र सहा ओम, आणि फ्रीजमधून काढल्यावर वीसच्या वर. नव्याचा अर्धा-पाऊण ओम असतो. हौद भरलेला होता, तोटी बुजली होती.

तो पॅडवरून, म्हणजे ज्या तांब्याच्या ठिपक्यावर सोल्डर करतात त्यावरून, उचलताना मासळीसारखा वास आला. हा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही, तो कपॅसिटरच्या गळलेल्या द्रवाचा. खाली नाण्यापेक्षा लहान गोल डाग, पॅड काळपट, त्याच्या कडेनं तांबं हिरवं पडलेलं. तिसऱ्या दुकानानं ज्याला पूर म्हटलं ते हिरवं हेच. पुराचा गंज कनेक्टरपासून, स्क्रूपासून, बोर्डाच्या खालच्या कडेपासून चढत येतो आणि सोबत गाळ आणतो. इथे एका सुट्या भागाखाली एकच वर्तुळ होतं, बाकी बोर्ड कोरा करकरीत. मी फोटो काढून सिस्टरांना पाठवला आणि लिहिलं, 'ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना हा आधी पाठवा.'

द्रव का गळला याचं कारण त्यांच्या ड्युटीत आहे. गाडी सकाळपासून दुपारपर्यंत रुग्णालयाच्या उघड्या पटांगणात, उन्हात. एप्रिल-मे मध्ये मिरजेत बाहेर ४० अंश असतात तेव्हा बंद काचांच्या आत डॅशबोर्ड किती तापतो ते हात ठेवून पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यात हा कपॅसिटर तापणाऱ्या रेग्युलेटरला चिकटून बसवलेला. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. आणि मीटर वाटेत आपोआप का उठत होतं तेही यातच आलं. रेग्युलेटर स्वतः तापत होता आणि शेजाऱ्याला शेकत होता. ज्यानं त्याला मारलं तोच रोज पहाटे त्याला उठवत होता.

नवा कपॅसिटर निवडताना एक मोह टाळावा लागतो. आजकाल सिरॅमिक किंवा पॉलिमर कपॅसिटर मिळतात, ते सुकत नाहीत, ईएसआर जवळजवळ शून्य. वाटतं, तोच लावावा. पण या जुन्या धाटणीच्या रेग्युलेटरला ईएसआर फार जास्त चालत नाही तसा फार कमीही चालत नाही. दोन्हीकडे तो डोलतो. म्हणून मूळ जातीचाच ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिक घेतला, ४७ मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट, पण १२५ अंशांना चालणारा. आधीचा १०५ चा होता.

लावण्याआधी जागा धुतली. आधी पातळ व्हिनेगर कापसाच्या काडीनं, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग मंद गरम हवा. काळं पडलेलं तांबं फायबरच्या पेन्सिलनं लाल दिसेपर्यंत घासलं. शिसं असलेलं ६३-३७ सोल्डर वापरलं, ते १८३ अंशांना वितळतं, म्हणजे दुखावलेल्या पॅडवर उष्णता कमी पडते. कपॅसिटर बसला. फ्रीज, पिशवी, एक तास. बाहेर काढला, पहिल्या किल्लीला चालू.

इथे मी गाडी परत देऊ शकलो असतो. पण मासळीचा वास मनातून जात नव्हता. द्रव जिथे गेला तिथे त्याने आणखी काय खाल्लं हे पाहिल्याशिवाय झाकण लावायचं नाही, असं ठरवलं होतं.

रेग्युलेटरच्या पायावर ५.०२ व्होल्ट. मेंदूच्या पायावर ४.७१. मधल्या दीड इंचात तीन दशांश व्होल्ट कुठे गेले? हा पट्टा १०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट वाहत होता, म्हणजे वाटेत तीनेक ओमचा अडथळा. वाट तुटलेली नाही ना हे सांगणारा मल्टीमीटरचा बीप आधी मी इथे लावून पाहिला होता आणि तो वाजला होता. बीप तीन ओमलाही वाजतो, तीसलाही वाजू शकतो. तेव्हा आकडा न बघता पुढे गेलो ही माझी चूक होती. करंट वाहत असताना व्होल्ट किती पडतात हे पाहिलं तेव्हाच खरं कळलं.

भिंग लावून एकेक मिलिमीटर सरकत गेलो. कपॅसिटरच्या पॅडपासून जरा पुढे पट्टी एका व्हायामधून, म्हणजे बोर्ड आरपार करणाऱ्या केसाएवढ्या भोकातून, दुसऱ्या बाजूला जात होती. वरून भोकावर हिरवा मास्क, म्हणजे तांब्यावरचा राखणीचा थर, शाबूत, चकचकीत. सुईनं हलकंसं टोचलं तर मास्क पापुद्र्यासारखा उचलला गेला आणि खाली काळी पूड. भोकाच्या आतलं तांब्याचं अस्तर जवळजवळ संपलं होतं. एखाददुसऱ्या धाग्यावर अख्खं मीटर चालू होतं. अजून एक उन्हाळा आणि तो धागाही गेला असता. तेव्हा थंडी-ऊन काही न बघता मीटर कायमचं बंद पडलं असतं आणि मला वाटलं असतं, कपॅसिटर तर बदलला होता.

भोक पूर्ण साफ केलं. एनॅमलची पातळ तांब्याची तार घेतली, टोकं खरवडून सोल्डर चढवलं. एक टोक नव्या कपॅसिटरच्या पॅडवर, दुसरं मागच्या बाजूला त्याच पट्टीवरच्या पुढच्या भागाच्या पायावर. तार बोर्डाच्या कडेनं वळवून, हादऱ्यानं हलू नये म्हणून दोन ठिकाणी डिंकाचा थेंब. सगळ्यावर पातळ कोटिंग. आता मेंदूच्या पायावर ५.०० व्होल्ट. थंड बोर्डावर स्कोपची रेघ आखल्यासारखी सरळ. मेमरी परत वाचली, किलोमीटर त्याच जागी.

त्या रात्री गाडी पुन्हा उघड्यावर ठेवली. सिस्टरांना सांगितलं होतं, की उद्या इथूनच ड्युटीला जा, पण पहिली किल्ली तुम्ही फिरवायची. त्या पहिल्या एसटीनं सांगलीला आल्या. हवेत १२ अंश, काचेवर दंव, रस्त्यावर दुधाच्या गाडीशिवाय कुणी नाही. त्यांनी किल्ली घातली आणि क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिलं. काटे सरसरत वर गेले, खाली आले. दिवे लागले, ऑइलचा, बॅटरीचा, आणि इंजिन चालू होताच एकेक करून विझले. डिस्प्लेवर ६८,४१५.

तीन किलोमीटर माझ्या फेरफटक्याचे होते, ते मी बिलावर लिहिलेच होते. बावीसशे रुपये झाले. जुना कपॅसिटर त्यांनी पुडीत बांधून मागून घेतला, सासऱ्यांना दाखवायला. मग डायरी काढून मांडीवर ठेवली आणि वेळ लिहिली, आणि पुढच्या रकान्यात, इतके दिवस जिथे मिनिटं असायची तिथे, 'लगेच'. खाली कंसात '१२ अंश'. सातच्या आत वॉर्डात पोचायचं होतं, म्हणून चहा न घेता गेल्या.